पुरीवर मांडलेलं तळं

मला बघायला आलेला मुलगा एकटाच आला, तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. आईवडील तंजावरला आजारी आहेत, म्हणे. सुमात्राच्या चहामळ्यावर तो कारकून होता आणि आमच्या मद्रासमधल्या एग्मोरच्या घरात पानावर बसला तो तिकडच्या गोष्टी घेऊनच. इतकं गोड बोलणाऱ्या माणसावर मी आजही विश्वास ठेवत नाही.

अप्पांनाही संशय आला, पण भलत्याच गोष्टीचा. तिथे डोंगरावर समुद्रासारखं तळं आहे आणि तळ्यात मोठं बेट आहे, असं तो म्हणाला. अप्पा भूगोलाचे मास्तर. त्यांचा घास हातातच राहिला. "डोंगराच्या डोस्क्यावर इतकं पाणी कोठून येईल की?"

त्यानं पानातली टम्म फुगलेली पुरी पुढे ओढली. "हा डोंगर. आत नुसती आग." बोटानं भोक पाडलं, वाफ गेली, पापुद्रा आत बसला. "डोंगर फुटला, पोटातलं सगळं बाहेर पडलं आणि माथा खाली खचला. मग पावसानं खड्डा भरला." त्यानं खड्ड्यात थोडं पायसम ओतलं आणि खालून बोटानं तळ उचलला. "आग परत वर ढकलते. तेच बेट."

अप्पा उष्ट्या हातानं उठले आणि नकाशांचं पुस्तक घेऊन आले. सुमात्राच्या उत्तरेला निळा ठिपका होता, ठिपक्यात बेटही होतं. "सरी, बरोबर आहे. पोरगं खरं बोलतंय," ते अम्माला म्हणाले. म्हणजे माझं लग्न ठरलं. मला कुणी विचारणार नव्हतं.

पण तो पुरीवर वाकला, तेव्हा जिब्ब्याच्या गळ्यातून मला त्याचं जानवं दिसलं होतं. आमच्यात लग्नाआधी पुरुषाचं जानवं एकेरी असतं. लग्न झालं की दुसरं घालतात. त्याच्या गळ्यात जोड होती. वाढायच्या निमित्तानं मी पुन्हा जवळ जाऊन खात्री करून घेतली.

"तुमचं जानवं जोडीचं कसं?" मी विचारलं. अम्मानं मला चिमटा काढला.

त्यानं जिब्ब्याचा गळा मुठीत आवळून धरला. मग मान खाली घालून म्हणाला, "बायकोचं माहेर तिथलंच. मद्रासला येणार नाही म्हणते."

तो गेल्यावर सगळे मला म्हणाले, सुटलीस. मला मात्र त्या न पाहिलेल्या बाईचा हेवा वाटला. तिनं नुसतं नाही म्हटलं आणि तो एकटा परत आला. माझ्या नाहीला पुरावा लागला.