पडद्यासमोर उभी राहिलेली मासोळीवाली

“हात नको लावू, डोळ्यानं पाह्य!” गिऱ्हाइकाने मासा दाबायला हात पुढे केला की ती असं खेकसायची. पवनीच्या बाजारात माझ्या सुताच्या दुकानासमोर तिचं टोपलं असे. तुम्ही पाहिलं असतं तर म्हणाला असता, ही बाई धंदा करते की भांडण? पण मरळ शिळी असली तर स्वतःच सांगायची, “आज नको नेऊ गा, कालची हाय.”

तिचा नवरा जन्मभर लंगडला. त्यांचं गाव धरणात गेलं तेव्हा लोक जाब विचारायला एका बड्या पुढाऱ्याच्या सभेत घुसले होते. तिथे लाठीने त्याचा गुडघा फुटला. पुढे तो वारला.

यंदा त्याच पुढाऱ्याच्या आयुष्यावर सिनेमा आला. त्याला कोणी देव मानतं, कोणी शिव्या घालतं. पक्षाच्या तालुकाध्यक्षाने मंगल कार्यालयात पडदा लावून सिनेमा फुकट दाखवला. सगळ्या बाजाराला आमंत्रण होतं. ती माझ्या पुढच्याच रांगेत होती.

पडद्यावर ती सभा आली. नदीकाठची माणसं हार घेऊन आली. पुढाऱ्याने एका म्हाताऱ्या मासेमाराला मिठी मारली. आमच्यातलेही काही डोळे पुसू लागले. ती उठली आणि थेट पडद्यासमोर उभी राहिली. पुढाऱ्याचा चेहरा तिच्या लुगड्यावर हलू लागला.

“खोटं हाय हे! माया नवऱ्याचा गुडघा फोडला तिथं. हार कोनं घातला?”

अध्यक्ष धावला. “बाई, बसा खाली. सिनेमा हाय हा.”

“सिनेमा हाय, त नाव कायले खरं लावलं?”

मागून शिव्या आल्या, खुर्च्या आपटल्या. दोघांनी दंड धरून तिला बाहेर काढलं. मी मागोमाग गेलो. ती पायरीवर बसली होती.

“भाऊ, त्या सिनेमातल्या बुढ्याचे दोनी पाय चांगले होते. पाहिलं काय तुमी?”

पुढच्या बाजाराला तिच्या जागी अध्यक्षाच्या माणसाने मोबाइल कव्हरांची गाडी लावली. ती दारोदार हिंडू लागली. आता ती इथे नसते, चिखल्याला लेकीकडे असते.

मी तिला शेवटचं पाहिलं ते अध्यक्षाच्या गल्लीत. त्याच्या बायकोने ओट्यावरून हाक मारली, “मावशी, झिंगे हायेत काय?”

“हायेत.”

“मंग थांबा ना!”

“तुमच्यासाठी नाय.”

ती चालत राहिली. टोपल्यातलं पाणी पाठीवर ठिबकत होतं. ते पुसायलाही ती त्या दारात थांबली नाही.