फळ्यावरचे बाण

आमच्या हायस्कुलात सायन्सच्या तासाला बेडूक कापून दाखवतात असं ऐकलं होतं. आमच्या वाट्याला बेडूक आलाच नाही. ट्रेनिंग कॉलेजातून ताज्या ताज्या बाहेर पडलेल्या एक नव्या मिस आल्या आणि त्यांनी बेडकाऐवजी मुली घेतल्या.

"पुस्तकात मेंदू आहे, मज्जातंतू आहेत, मग मन का नको?" असं त्या म्हणायच्या. मनाला ना बरणी लागते ना स्पिरिट, त्यामुळे हेडमिस्ट्रेसनीही लगेच हो म्हटलं. पहिला प्रयोग असा: चिठ्ठीवर आपला रोल नंबर घालायचा आणि शेजारी कोण बसावं असं वाटतं त्या तिघींचे नंबर लिहायचे. मग मिस फळ्यावर प्रत्येकीचं वर्तुळ काढणार, आणि जिनं जिला निवडलं तिच्याकडे बाण. नावं नाहीत म्हणजे सगळं गुप्त, अशी मिसची समजूत. वर्गातल्या पोरी रोज हजेरीला एकमेकींचे नंबर ऐकतात, एवढं त्यांना ट्रेनिंगमध्ये कुणी शिकवलं नसावं.

आमच्या गल्लीत बेळगावकडून आलेलं एक कुटुंब होतं. वडील यशवंतपूरला कारखान्यात, मुलगी माझ्याच वर्गात. आम्ही बसवनगुडीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. आई म्हणाली, "आपली माणसं ग ती. शाळेत जाताना तिला बरोबर ने." ने म्हणे! तिचं कन्नड तिकडचं, रांगडं. तिनं तोंड उघडलं की वर्ग फिदीफिदी हसायचा. त्यात भर वर्गात ती मला मराठीत हाक मारायची, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी तिच्याबरोबर चालायची आणि शाळा दिसली की चार पावलं पुढे जायची.

चिठ्ठीवर मी तिचा नंबर लिहिला नाही. कुणीच लिहिला नाही. तिनं मात्र तिन्ही जागी माझाच लिहिला. ही झाकली मूठ मिसनी फळ्यावर उघडली. तिच्या वर्तुळातून तीन बाण निघाले ते तिन्ही माझ्याकडे, आणि तिच्याकडे एकही आला नाही. वर्ग हसला. मिसनाही हसू आवरेना. सगळ्यांत मोठ्यानं मी हसले. ती फळ्याकडे बघत राहिली, मग खाली मान घालून तिनं ते चित्र इतरांसारखंच वहीत उतरवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी मला बोलवायला आली. भांडली असती तर मी सुटले असते. हळूहळू मला तिची सवय लागली. कार्तिकात आमच्याकडे भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते, तिथे आम्ही दोघींनी टेकडीवर बसून ओंजळी ओंजळी शेंगा फोडल्या. तिनं मिसची अशी नक्कल केली की हसून हसून माझं पोट दुखलं. मैत्रीण म्हणतात ती हीच, हे मला तिथे कळलं. तिला ते सांगणं मात्र मला कमीपणाचं वाटलं.

इकडे मिसना प्रयोगाचा दुसरा भाग उरकायचा होता, एकट्या पडलेल्या मुलीला वर्गात मिसळवण्याचा. त्यांनी पाच मुलींना एकेक करून स्टाफरूममध्ये बोलावलं. तिच्याशी बोला, डबा वाटून खा, पुढच्या वेळी तिचा नंबर लिहा. हे त्या पाचांतल्या एकीनंच माझ्या कानात सांगितलं. मला मिस व्हरांड्यात एवढंच म्हणाल्या, "तुला काय सांगायचं? तू तर तिच्या शेजारचीच."

दुसऱ्यांदा चिठ्ठ्या लिहिल्या तेव्हा मी पहिल्या जागी तिचा नंबर घातला, कुणी न सांगता. फळ्यावर तिच्याकडे सहा बाण आले. तिचे तीन बाण मात्र त्या पाचांतल्या तिघींकडे गेले. माझ्याकडे एकही नाही. प्रयोग यशस्वी झाला असं मिसनी जाहीर केलं.

घरी येताना तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. "बघितलीस? सहा आल्यात मला, सहा!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. मी म्हणाले, "मिसनी त्यांना सांगितलं होतं. एकेकीला बोलावून. तुझा नंबर लिहा म्हणून."

ती थांबली. पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "तुला बी सांगितल्यात?"

नाही म्हणायचं होतं, बस. एवढंच.

"मला पण," मी म्हणाले.

"सरी," म्हणजे बरं, असं म्हणून तिनं मान हलवली. थोडं चालल्यावर माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मी तुझा नंबर लिवला न्हाई ते, तू हाईसच की, म्हणून."

तिचं घर यायला अजून चार घरं होती. खरं सांगायला तेवढी वाट पुष्कळ होती. पण मग मला तिच्यापुढे मान खाली घालावी लागली असती. चारही घरं मागे पडली, आणि तिनं आत जाऊन दार लावून घेतलं.