वळणावरचा उंचवटा

आजी नातीची वेणी घालत होती आणि गवंडीकाका चहात पाव बुडवत होते, तेवढ्यात दार वाजलं. दारात नगरपालिकेचा मुकादम उभा होता आणि त्याच्या मागे पहारी घेतलेली दोन माणसं.

"काका, वळणावरचा स्पीडब्रेकर तुम्हीच घातलात ना?"

"कोण म्हणतं?"

"रोज संध्याकाळी त्यावर पाणी मारायला कोण जातं मग?"

काका ओशाळले. चोरून केलेलं असलं तरी नवं सिमेंट कोरडं ठेवणं त्यांच्या हाताला जमलंच नव्हतं. मागच्या वर्षी त्याच वळणावर ट्रकने त्यांच्या नातीला उडवलं, तेव्हापासून ती पाय ओढत चालते. काकांनी अर्ज केले, कचेरीत खेटे घातले, पण साहेब काही भेटले नाहीत. शेवटी उरल्यासुरल्या सिमेंटचा उंचवटा त्यांनी स्वतःच घातला.

"विनापरवाना आहे. तोडायचा हुकूम आलाय."

"आमचा अर्ज वर्षभर जागचा हलला नाही, तुमचा हुकूम बरा आठवड्यात आला," आजी हातातली वेणी न सोडता म्हणाली. "मग पक्का कधी घालताय?"

मुकादमाने नातीच्या पायाकडे पाहिलं. "खोटं कशाला बोलू, मावशी? रस्ता आमचा नाही म्हणतात. ज्यांचा आहे, ते आमच्याकडे बोट दाखवतात."

काकांनी उरलेला चहा तसाच ठेवला आणि नातीचं दप्तर खांद्याला लावलं.

"तोडा बाबा. फक्त हिला रस्ता ओलांडून देतो, तेवढं थांबा."