मस्टरवरचा अंगठा

मी अजून वकील नाही. लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि आमच्या घरात कॉलेज बघितलेला पहिलाच. कोर्टातलं लिहिण्याचा मला अधिकार नाही, म्हणून आधीच माफी मागतो. पण यातली चूक माझी आहे. ती दुसऱ्याने लिहिणं बरं दिसलं नसतं.

"तुझा किसन खोटारडा निघाला," म्हणत साहेबांनी कागद माझ्यापुढे टाकला.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. पाऊस नव्हता. सकाळी कॉलेज करून दुपारी मी या वकीलसाहेबांच्या ऑफिसात बसायचो. किसन आमचा पक्षकार, दुष्काळी कामावर दगड फोडणारा. पाण्याच्या टँकरने त्याला उडवलं आणि उजवा हात निकामी झाला. दावा कमाईच्या नुकसानीचा होता. म्हणजे दुखण्याची भरपाई वेगळी, आणि तो हात पुढे जे कमावणार होता त्याची वेगळी. डॉक्टर हात किती टक्के गेला ते लिहून देतो. पण कोर्ट विचारतं, माणूस काम काय करायचा? मास्तर एका हाताने शिकवू शकतो. एका हाताने घण मारता येत नाही.

कागद म्हणजे त्या कामाचं मस्टर, हजेरीपट. टँकरच्या विमा कंपनीच्या वकिलांनी काढलेला. अपघातानंतरही किसनची हजेरी लागलेली, पुढे अंगठा.

"गावात जाऊन बघ. खोटं असेल तर केस सोडू."

एसटीने गेलो. किसन लिंबाखाली बसला होता. मस्टरचं विचारलं तर मान खाली. मला वाटलं, सापडला. मी त्याला समोरचा दगड उचलून दाखवायला सांगितलं. त्याने डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर ठेवला.

त्याची बायको गयाबाई आतून आली. "त्यांना काय इचारता वकीलसाहेब? अंगठा माझा हाय."

"मी वकील नाही, बाई."

"मग लई दरडावून राहिलात की!"

नाव एकदा कापलं की त्या जागी दुसरं नाव पुढचं काम निघेपर्यंत यादीत चढत नसे. म्हणून मुकादम नारबामामांनी किसनचं नाव तसंच ठेवलं, आणि त्या नावावर गयाबाई घण मारू लागली. तिचे तळहात बघून मला आणखी काही विचारावंसं वाटलं नाही.

मुकादमांची साक्ष लागणार होती. ते म्हणाले, "सांगतो. पण खोटी हजेरी मांडली म्हणून मलाच धरतील न्हाई का?"

"तुम्हाला काही होणार नाही, मामा." हे मी साहेबांना न विचारताच बोललो.

कोर्टात मुकादमांनी ती हजेरी आपणच मांडल्याचं सांगितलं. मग विमा कंपनीच्या वकिलांनी गयाबाईला विचारलं, "बाई असून घण मारता?"

"मंग? तुमी येता का मारायला?"

जज्जसाहेबही हसले. त्यांनी नवरा-बायको दोघांचे अंगठे समोर घेतले. किसनच्या अंगठ्यावर विळ्याचा जुना वण होता. अपघाताआधीच्या हजेरीत तो वण उमटलेला, नंतरच्या हजेरीत नाही.

निकाल लागायच्या आत मी नांदेडच्या कॉलेजात आलो. घर भोकरकडे, तेवढंच जवळ. साक्षीदाराला धीर द्यावा, शब्द देऊ नये, हे कुठल्याच पेपरात विचारत नाहीत. ते मी गेल्या महिन्यात शिकलो, मुकादमांचं कार्ड आलं तेव्हा:

"किसनचा दावा मंजूर झाला. गयाबाई आता सोताच्या नावावर कामाला हाय. मला कामावरून काढलं. तुमी काही होणार नाही म्हणला होता, म्हणून कळवलं."