डोंगरातली एक हाक

माझा भाऊ सातपुड्यात दरीत पडला तो रविवार होता. दुपारी पडला. संध्याकाळी त्याला वर आणले तेव्हा तो वारला होता.

आम्ही तिघे गेलो होतो. भाऊ, वहिनी आणि मी. तो माझ्याहून चार वर्षांनी धाकटा; दोघेही मला अक्का म्हणत. भुसावळला रेल्वेतून निवृत्त झाल्यावर तो आणि वहिनी चोपड्याला माझ्याकडे राहायला आले. मी शाळेत मराठी शिकवले, लग्न केले नाही. उत्तरेचा डोंगर आम्हाला रोज दिसायचा, आणि वरच्या देवीच्या ठाण्याला एकदा जाऊन येऊ, असे आम्ही कित्येक वर्षे म्हणत होतो. त्या कार्तिकात त्यानेच जीप ठरवली.

सातपुड्यात अश्वत्थामा फिरतो आणि कपाळावरच्या जखमेला लावायला वाटसरूंकडे तेल मागतो, ही गोष्ट आमच्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. निघताना भावाने औषधाच्या रिकाम्या बाटलीत तिळाचे तेल भरून घेतले. वहिनी म्हणाली, घरच्या माणसाच्या डोक्याला कधी तेल लावले नाही आणि निघाले डोंगरातल्याला लावायला. तो म्हणाला, तो बिचारा मागतो तरी, तू नुसती बोलतेस.

केळीच्या बागा संपल्या, कापूस संपला, सागाचे जंगल लागले. शेवटच्या पाड्यावर जीप आणि ड्रायव्हर थांबले. पुढे आम्ही चालत गेलो. देवीपाशी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खाल्ली आणि उतरायला लागलो. अर्ध्या वाटेत भावाला आठवले की तेल खिशातच राहिले. मागे दरीच्या कडेला एक मोठा खडक लागला होता. त्यावर बाटली ठेवून येतो, तुम्ही चला, असे म्हणून तो परत वळला.

आम्ही वळणावर अंजनाच्या झाडाखाली बसलो. थोड्या वेळाने हाक आली.

“अक्का.”

एकदाच आली. आवाज त्याच्यासारखा होता, पण खालच्या बाजूने आला. वहिनी ओ द्यायला उठली. मी तिचे मनगट धरले.

आमची आई सांगायची, डोंगरात कुणी हाक मारली तर लगेच ओ द्यायचा नाही. “एकच हाक मारस तो माणूस नही शे.” माणूस तीनदा हाक मारतो. तशी मारली तरच बोलायचे.

“थांब,” मी वहिनीला म्हणाले. “अजून दोनदा येऊ दे.”

माझा यावर विश्वास होता असे नाही. वर्गात मी अशा गोष्टींना कल्पना म्हणत असे, त्या कुठून आल्या असतील ते मुलांना समजावून सांगत असे. तरी मनगट धरले. भाऊ चेष्टा करत असेल, असेही मनात आले. लहानपणी तो एकच हाक मारून लपायचा आणि मला घाबरवायचा. म्हणजे आईचा नियम त्याला माहीत होता. खरी गरज असती तर त्याने तीनदा हाक मारली असती, असा हिशेब मी केला. तीनदा मारण्याइतका श्वास त्याच्यात उरला नसेल, हे मला सुचले नाही.

किती वेळ बसलो, सांगता येत नाही. दुसरी हाक आली नाही. वहिनी माझा हात सोडवून निघाली.

खडकावर बाटली होती. कडेचे वाळलेले गवत दबलेले होते. मग आम्ही ओरडलो. पहिल्याच हाकेला पाड्याकडून कुणीतरी ओ दिला, आणि दोन माणसे धावत वर आली. ते दोघे दरीत उतरले.

त्याला वर आणल्यावर त्यांतल्या वयस्क माणसाने विचारले, पडल्यावर यांनी हाक मारली नाही का? मी त्याला आमचा नियम सांगितला. तो मग म्हणाला, तुमच्या खालच्या गावांचा असेल तो. इथे आधी ओ देतात आणि मग जाऊन बघतात. त्याच्या बोलण्यात राग नव्हता.

तेराव्यानंतर पाहुणे गेले. वहिनी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. मी दारात उभी राहून म्हणाले की त्या दिवशी मी तुझा हात धरायला नको होता. ती ताटाकडेच बघत होती.

“डॉक्टर म्हणाले, वाचले नसतेच. डोक्याला मार होता,” ती म्हणाली. “पण अक्का, ओ दिला असता तर त्यांना कळलं असतं, आपण आहोत म्हणून.”

तिने तांदूळ धुवायला घेतले.

पुढच्या महिन्यात ती दोंडाईच्याला तिच्या भावाकडे राहायला गेली. सणावाराला फोन करते, माझी तब्येत विचारते, त्या दिवसाबद्दल बोलत नाही. चोपड्याच्या घरात आता मी एकटी राहते.