गालात दिवा लावणारे मामा

अर्ध्या सोलापूरला आतून उजळलेलं पाहिलेला माणूस जगात एकच, माझ्या बायकोचे मामा. ते नाक-कान-घशाचे डॉक्टर. सत्तरी उलटली तरी पेठेतला दवाखाना चालू आहे, आणि हल्ली कुणी करत नाही ती तपासणीही. दवाखान्यामागे एक बिनखिडकीची खोली आहे. पेशंटला तिथं बसवायचं, दिवा घालवायचा आणि काळोखात कानाशी पुटपुटायचं, ‘‘बायी तेगी.’’ पेशंट मराठी असो की तेलुगू, तोंड उघडायचा हुकूम कन्नडमध्येच. मग तोंडात बारीक दिवा ठेवून ओठ मिटवायचे. लगेच डोळ्यांखाली दोन निखारे पेटतात आणि बाकीचा माणूस नाहीसा होतो. एक बाजू काळीच राहिली, तर गालाच्या हाडातल्या त्या बाजूच्या पोकळीत पू साचलाय असं मामा धरतात. मी तिथं एकदाच बसलो. समोर आरसा होता. स्वतःचं ते लाल डोकं बघून मला घाम फुटला, आणि काळोखातून मामांचा तृप्त आवाज आला, ‘‘वा! काय सुंदर पोकळ्या आहेत तुमच्या, जावईबापू!’’

चेहरे त्यांच्या लक्षात राहत नाहीत. रस्त्यात कुणी नमस्कार केला की ते त्याच्या गालाकडे रोखून बघतात आणि विचारतात, ‘‘डावी कशी आहे?’’ एका लग्नात ऐन अक्षतांच्या वेळी वीज गेली, आणि अंधारात एकदम नवरदेवाचं डोकं पेटलं. वरमाय किंचाळून खाली बसली. नवरदेव नाकात बोलतोय हे ऐकून मामांना राहवलं नव्हतं. त्यांनी खिशातली बॅटरी थेट त्याच्या तोंडात घातली होती. त्याहून कहर म्हणजे, एका जुन्या पेशंटच्या मयतीत त्यांनी सगळ्यांदेखत मृताच्या गालावर दोन बोटं टेकवली आणि हळूच म्हणाले, ‘‘उजवी मोकळी झाली होती की रे तुझी.’’

वर हा माणूस सहजी औषध देत नाही. यंत्रमागावरचा कामगार काकुळतीला येतो, ‘‘डॉक्टर, डोस्कं लई ठणकतंय, येक इंजेक्शन तरी द्या की.’’ मामा ढिम्म. ‘‘साधी सर्दी हाय. मिठाच्या पाण्यानं नाक धुवा. धा दिवसांत उतरली न्हाय, न्हायतर बरं वाटून पुन्यांदा ताप भरला, तर या. मग जंतू हायेत म्हणीन.’’ लोक चरफडत जातात. घरच्यांनाही तोच न्याय.

गेल्या हिवाळ्यात माझ्या सहा वर्षांच्या लेकीलाही त्यांनी असंच मिठाचं पाणी सांगून परत पाठवलं. सर्दी उतरत आली, आणि मग पुन्हा ताप चढला. सकाळी बघतो तर डावा डोळा सुजून बंद. तिला उचलून मी दवाखाना गाठला. आता अंधारखोली, असं मला वाटलं, पण मामांनी दिवा घालवलाच नाही. भर उजेडात त्यांनी तिची सुजलेली पापणी वर उचलली, दुसऱ्या हाताचं बोट तिच्यापुढे धरलं आणि सावकाश बाजूला नेलं. उजवा डोळा बोटामागे गेला. डावा जागीच राहिला, सरळ माझ्याकडे बघत. एकाच चेहऱ्यातून दोन वेगळी माणसं बघत असल्यासारखं मला झालं.

‘‘नाकाशेजारचा पू डोळ्यामागं गेलाय,’’ मामा म्हणाले. ‘‘उशीर झाला तर नजर जाईल.’’ आणि चपला न घालताच ते जिना उतरले.

मोठ्या दवाखान्यात स्कॅन झालं, शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं, दुपारी ऑपरेशन करून पू काढला. मामा अनवाणी बाहेर बसून होते. साध्या सर्दीला औषध न देणं चूक नव्हतं, हे मामांना आणि मलाही कळत होतं. तरी मला त्यांच्याकडे बघवेना. फार राग आला होता मला, आणि त्यांची फार दयाही येत होती.

सूज ओसरली त्या सकाळी मामा खाटेशी येऊन बसले. बोट धरलं, डावीकडे नेलं. दोन्ही डोळे बरोबर निघाले. उजवीकडे नेलं, वर, खाली. दोन्ही बरोबर.

‘‘बास की आजोबा,’’ लेक कंटाळून म्हणाली आणि कूस वळवून झोपली.

मामांचं बोट थांबेना. तिच्या पाठीमागे ते हवेत तसंच फिरत राहिलं, डावीकडे, उजवीकडे. शेवटी मीच ते मुठीत धरलं. बर्फासारखं गार होतं.