खाजेला लाज कसली!

बायका डबा खायला बसल्या की आधी सासू निघते, मग नवरा निघतो, आणि खरी गोष्ट निघते ती डबे बंद करताना, हळू आवाजात. दापोड्याच्या गोडाऊनमध्ये पॅकिंग करता करता माझ्याकडे अशा इतक्या गोष्टी साचल्यात की आता कुठेतरी ओतायलाच हव्यात. चौथी शिकलेय मी. नाजूक कानांनी उठून जावं!

सुरुवात रेखाची. कामतघरच्या चाळीतली, नुकतं लग्न झालेली पोर. एकदा गोडाऊनच्या बाथरूमच्या दाराशी रडताना सापडली. खाली खाज, आग, लघवीला चरचर आणि दह्यासारखं पांढरं जातंय. सासूला सांगितलं तर सासू म्हणाली, "ह्यो भायेरचा रोग हाय. माज्या घरान न्हाय चालनार. आईतवारी तुला म्हायेरी सोडते, तिकरंच ऱ्हा!" नवरा मोबाइल घेऊन गॅलरीत गेला.

मी म्हटलं, "रविवारच्या आत डॉक्टरकडे जायचं. रडायचं नंतर बघू."

*

पण आमच्या बायका! प्रत्येकीकडे इलाज तयार. निजामपुऱ्याची शकीला लगेच म्हणाली, "बाटलीतलं जंतुनाशक पाण्यात टाक आणि आतून धू. मैंने भी किया था."

"मग? बरं वाटलं?"

"कुठलं! दोन दिन खडे खडे रोटी बेली. बैठा ही नहीं जा रहा था!"

तिची खाज कशी सुरू झाली, तेही ऐका. दाढ दुखते म्हणून मेडिकलमधून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिकच्या गोळ्या आणून खाल्ल्या. दाढ थांबली आणि हे सुरू झालं. शकीला म्हणते, "दुखत होतं वर, आग लागली खाली!"

*

दापोड्याचीच निर्मलाअक्का. तिची खाज जायची आणि परत यायची. दर वेळी मेडिकलवाल्याला सांगायची, "नवऱ्याच्या नायट्याला मलम दे." नवऱ्याला नायटा नाही, काही नाही. पण मेडिकलवाला त्याच्याशी हात मिळवेनासा झाला!

शेवटी मी तिला ओढत सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, तर शुगर ही एवढी! अक्का भडकली, "मी खाजंसाठी आलंय, तू माजा चहा कशाला बंद करतंस?"

"चहा प्या, साखर बंद करा."

"मंग त्याला चहा कोन म्हनंल?"

पण ऐकलं. शुगर ताब्यात आली, खाजही गेली. चहा पिताना तोंड मात्र अजून वाकडं करते.

*

रेखाला दवाखान्यात न्यायला हाफ डे मागितला. सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणाला, "काय झालंय ते सांगा. रोजच एकीला काहीतरी होतं."

सांगितलं. "साहेब, पत्र्याखाली दिवसभर तुमच्या युनिफॉर्मची ती नायलॉनची घट्ट पँट घालून घाम गाळला की खाली बुरशी धरते. शिळ्या भाकरीला धरते ना, तशी. मग खाजतं. टॉयलेटमध्ये खाजवलं तर तुम्ही टाइम विचारता. इथंच टेबलाशी खाजवू का?"

त्याच्या हातातला स्कॅनर खाली पडला. हाफ डे मिळाला. पुढच्या आठवड्यापासून सुती सलवारही चालायला लागली. सुपरवायझर एवढंच म्हणाला, "मावशी, यापुढे मला कारण सांगू नका!"

*

डॉक्टरीणबाईंनी रेखाला नीट तपासलं. रेखाने एकच विचारलं, "मॅडम, हे मला कुणाकडून लागलं?"

"कुणाकडून नाही गं. बऱ्याच बायकांच्या अंगात ही बुरशी थोडी असतेच. ओल, घाम, अँटिबायोटिक, शुगर, असं काही झालं की वाढते."

आत ठेवायच्या गोळ्या दिल्या, वरून लावायला मलम दिलं. बरं वाटलं तरी औषध मध्येच सोडायचं नाही. आतून काही धुवायचं नाही, साबण तर नाहीच, बाहेरून साधं पाणी पुरे. परत झालं तर मनाने मलम न आणता दाखवायला यायचं. मग बाईंनी विचारलं, "आतले कपडे कुठे वाळवतेस?"

"मोरीत. परकराखाली लपवून."

"म्हणजे ओलेच घालतेस. उन्हात वाळव."

"उन्हात? चाळीत? मॅडम, त्यापेक्षा मी माहेरीच जाते!"

*

रविवारी मीच कामतघरला गेले. सासूने रेखाची बॅग भरून दारात ठेवली होती. मी बॅगेवरच बसले.

"हा बाहेरचा रोग नाही, मावशी. तुमच्या मोरीतल्या ओलीचा आहे. डॉक्टर म्हणाल्या, कपडे उन्हात घाला."

"ईस वरीस ह्या चालीन काढली. परकराखालीच वालवली सगली. कुनाला दिसू दिली न्हाय!"

"आणि वीस वर्षांत तुम्हाला कधी खाज नाही आली?"

 सासू उठून आत गेली आणि मोरीचं दार लावून घेतलं. मी घरी आले. रात्रभर जीव टांगणीला. पोरीचं नांदणं मोडलं की काय!

सोमवारी रेखा ड्युटीवर उशिरा आली. हसत हसत. हसू थांबेना, तेव्हा पाणी पाजून बोलती केली.

सकाळी गॅलरीच्या दोरीवर, सगळ्या चाळीसमोर, तिच्या दोन चड्ड्या वाळत होत्या. आणि शेजारी तिसरी. भली मोठी, विटलेली, फुलाफुलांची. नवरा ब्रश तोंडात धरून बाहेर आला आणि बघतच राहिला.

"आई, ही कोणाची?"

सासू म्हणाली, "का? ऊन काय तुज्या बायकोच्या एकटीच्या नावावर हाय?"